तांबं फुगलं, त्याची गोष्ट

तांब्याच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक मला पाण्याबद्दल विचारतात. रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळी प्यावं का, किती प्यावं, बसून प्यावं की उभ्याने. मी चोवीस वर्षं प्रयोगशाळेत तांबं तपासलं, पण पाण्याचा विषय एकदाच निघायचा, सुरक्षेच्या वर्गात. वितळलेल्या तांब्यात पाणी गेलं तर स्फोट होतो. हे उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला आरोग्य हवं असतं आणि मी भट्टीचं छप्पर उडाल्याचं सांगत असते.

चेन्नईत, आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर रुक्मिणीबाई राहतात. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी माझ्या अमरावतीच्या मराठीहून पुष्कळ जुनं. मधूनमधून त्यात तमिळ शब्द येतात आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट वर चढतं. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्या मैलापूरला देवळाजवळच्या दुकानातून घेतलेला तांब्या पदराखाली झाकून वर आल्या. म्हणाल्या, "शैलाबाई, तांबें खरें की नाहीं तें पाहून सांगा."

मी बुडाला कानस लावली. दोन घासांत आतून पिवळं दिसायला लागलं. पितळ होतं, वरून तांब्याचा मुलामा. रुक्मिणीबाईंनी सहा महिने त्यातलं पाणी पिऊन आपले गुडघे बरे केले होते. आता त्या गुडघ्यांचं काय करायचं हा प्रश्न आम्हा दोघींपुढे उभा राहिला. त्यांनी थोडा विचार केला, तांब्या परत पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "गुडघ्यांस सांगत नाहीं." त्या अजून जिना कठडा धरल्याशिवाय चढतात.

तांबं येतं कुठून, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारता सांगते. तांबं दगडातून येतं आणि ते देताना दगड फार कुरकुर करतो. शंभर किलो दगड फोडला तर पुष्कळ खाणींत त्यात किलोभरही तांबं नसतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात, राजस्थानात, झारखंडात खाणी आहेत, पण त्या पुरत नाहीत; बराचसा माल जहाजात बसून लांबच्या देशांतून येतो. दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, त्यात फेस आणणारी द्रव्यं घालतात आणि खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती खाली राहते. हा फेस वाळवून भट्टीत घातला की गंधक जळून जातं, लोखंड मळीत निघून जातं आणि अंगभर फोड आलेलं काळपट तांबं उरतं. त्याच्या जाड पाट्या ओततात, त्या आम्लाच्या हौदात टांगतात आणि वीज सोडतात. पाटीतलं तांबं विरघळून समोरच्या पत्र्यावर अगदी शुद्ध होऊन बसतं. हौदाच्या तळाला चिखल जमतो, त्यात सोनं आणि चांदी असते. चिखलाची राखण करायला पहारेकरी ठेवणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

हा झाला तांब्याचा पुढच्या दाराचा रस्ता. आम्ही मागच्या दाराचे. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या बड्या कारखान्यांच्या मधल्या फटीत आमचा कारखाना होता आणि आम्ही तांबं काढायचो भंगारातून. जळलेल्या मोटारींच्या तारा, जुन्या केबली, गाड्यांचे रेडिएटर, इडलीचं पीठ वाटून वाटून दमलेल्या ग्राइंडरांची आतडी, आणि भांडी. तांब्याला जात नसते आणि वयही नसतं. कितीही वेळा वितळवा, ते परत पहिल्यासारखं होतं.

भांड्यांवर नावं कोरलेली असायची. कुणी कुणाला लग्नात दिलं, कुणाच्या आठवणीसाठी दिलं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी चेन्नईला आले तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. माझ्या बरोबरीच्या बायका सिनेमाच्या पाट्या वाचून तमिळ शिकल्या, मी भंगारात शिकले. त्यामुळे मला कितीतरी दिवस फक्त बायकांची नावं, गावांची नावं आणि 'मामाकडून' एवढंच वाचता यायचं. बसचा फलक वाचता यायचा नाही, पण कुठल्या मामाने कुणाला घागर दिली ते सांगता यायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिच्यात चार माणसं आहेत: मी, भट्टीचा मुख्य सेल्वराज, आमचे प्लांट मॅनेजर अरविंदन आणि गिऱ्हाईक कारखान्याचे गणेशन. पाचवं एक यंत्र आहे.

भंगार वितळलं की त्या रसात शिसं, जस्त, लोखंड असं नको ते सगळं असतं. रसात हवा फुंकली की ही मंडळी जळून वर मळीत येतात. मळी ओढून काढायची. पण हवा फुंकल्यामुळे तांब्यातच ऑक्सिजन जास्त होतो आणि असं तांबं ठिसूळ होतं. तो ऑक्सिजन काढायची आमची रीत ऐकून आमचे नवे इंजिनिअर हसायचे आणि पाहिल्यावर गप्प व्हायचे. ओल्या लाकडाचा ओंडका रसात खुपसायचा. सरूचा, नुकता तोडलेला, साल असलेला. सरूला इथे सवुक्कु म्हणतात, समुद्राच्या बाजूला त्याची रानंच्या रानं आहेत. ओंडका आत गेला की वीस टन तांबं उकळायला लागतं, पत्र्याची शेड थरथरते, आणि लाकडातून सुटलेला वायू तांब्यातला ऑक्सिजन घेऊन बाहेर पडतो. नव्या गॅसच्या भट्ट्या असलेले कारखाने हे करत नाहीत. आमच्याकडे तेव्हा होतं.

सगळं कसब आहे ते थांबण्यात. कमी शिजवलं तर ठिसूळ. जास्त शिजवलं तर लाकडाचा वायू तांब्यातच मुरतो आणि ओतल्यावर, गार होताना, बाहेर पडायला धडपडतो. तांबं आतून पोकळ होतं. म्हणून मधूनमधून पळीभर रस छोट्या साच्यात ओतायचा. गार झाल्यावर ठोकळ्याचं तोंड खाली बसलं तर अजून शिजवा, वर फुगलं तर जास्त झालं, सपाट राहिलं तर थांबा. सेल्वराज तो ठोकळा चिमट्यात धरून डोळ्यांसमोर न्यायचा, घणाने फोडायचा, आतला रंग बघायचा आणि "पोदुम" म्हणायचा. म्हणजे पुरे. मग सगळे ओतायला लागायचे.

सेल्वराजचं शिक्षण आठवीपर्यंतचं होतं. अंगाने सडपातळ, मिशी भुवयांपेक्षा जास्त बोलकी. भट्टीजवळ तो कुणालाच जुमानत नसे. एकदा मालकांच्या पाहुण्यांना त्याने ओंडका समजून बाजूला सारलं होतं. मला तो मॅडम म्हणायचा आणि मी त्याला अण्णा, पण आमचं फारसं जमत नसे. कारण उघड होतं. त्याने "पोदुम" म्हटल्यावर त्याच तांब्याचा नमुना प्रयोगशाळेत यायचा आणि मी दोन तास तपासून सांगायचे की बरोबर आहे. दोन तास लावून दुसऱ्याचं बरोबर आहे हे सांगण्यासाठी एम.एस्सी. केलेल्या बाईला थोडा राग येतोच.

तेव्हा अरविंदन आले. ते मोटारींच्या मोठ्या कारखान्यातून आले होते आणि बोलताना हवेत चौकटी काढायचे. मोजता येत नाही ते काम नव्हेच असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेतलं. छोटा तुकडा ग्राफाइटच्या कुपीत टाकायचा, यंत्र तो वितळवणार आणि चार मिनिटांत पडद्यावर आकडा. मी त्या यंत्रावर मनापासून खूश होते. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याला हार घातला, कुंकू लावलं, वर लिंबू ठेवायला निघाले तेव्हा यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाने हात जोडले. मग अरविंदन यांनी नियम केला: यापुढे भट्टी थांबेल ती प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर माझी सही.

सेल्वराजने नियम ऐकला आणि मिशीवरून हात फिरवला. त्यानंतर कितीतरी महिने त्याचं "पोदुम" आणि माझी चिठ्ठी एकाच वेळी पोचत. यंत्र आलं आणि माझं काम तेच राहिलं, फक्त दोन तासांऐवजी चार मिनिटांत.

तांबं फुगलं तो दिवस आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. आमच्यापासून दोन रस्ते सोडून एक कारखाना होता, विजेवरच्या स्कूटरच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या तांब्याच्या जोडपट्ट्या बनवणारा. त्यांचं मोठं काम आम्हाला नव्यानेच मिळालं होतं आणि त्यांचा माल त्या दिवशी ओतायचा होता. सकाळी अकराच्या सुमाराला सेल्वराजने ठोकळा पाहिला आणि तुकडा माझ्याकडे पाठवला. यंत्राने आकडा दाखवला: ऑक्सिजन जास्त. मी चिठ्ठी लिहिली: चालू ठेवा.

तो स्वतः प्रयोगशाळेत आला. हे कधी होत नसे. त्याला आमची गार हवा आवडत नसे. माझ्या टेबलावर ठोकळा ठेवून त्याने सांगितलं की तोंड सपाट आलंय, थांबायला हवं. मी म्हटलं, "अण्णा, यंत्र जास्त दाखवतंय." तो म्हणाला की यंत्र परत बघा. मी परत बघितलं. तोच आकडा. मग मी एक वाक्य म्हटलं, ते मला आजही नको वाटतं. म्हटलं, "तुमच्या डोळ्यांना आकडे येतात का?"

तो ठोकळा उचलून निघून गेला. दुसरा ओंडका पडला. शेड थरथरली. दुसरा तुकडा आला, आकडा थोडा उतरलेला पण अजून जास्तच. मी पुन्हा चिठ्ठी दिली. तिसरा ओंडका. तिसऱ्या वेळी आकडा कसाबसा हद्दीत आला आणि मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: थांबवा, ओता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी खाली गेले तर साच्यांतल्या लगडी गार होत होत्या आणि त्यांची पाठ वर येत होती. सगळ्यांची. ओळीने मांडलेल्या इडल्यांसारख्या. सेल्वराज बाजूला उभा राहून पाहत होता. तो माझ्याकडे वळला नाही.

खरं तर गोष्ट इथे संपवता आली असती. लगडी परत वितळवायच्या, पुन्हा हवा, पुन्हा लाकूड. तांब्याचं काही बिघडत नाही. पण पट्ट्या दुसऱ्या दिवशी पोचवायच्या होत्या. अरविंदन यांनी हवेत एक चौकट काढली आणि म्हणाले, वरचा फुगवटा तासून टाका आणि लाटा. तासल्या, लाटल्या, पट्ट्या निघाल्या, दिसायला छान. गिऱ्हाइकाच्या यंत्राखाली गेल्या तेव्हा त्यांच्यावर फोड आले आणि वाकवल्या तिथे त्या फाटल्या. त्यांचं काम दिवसभर बंद पडलं. तिथल्या गुणवत्ता पाहणाऱ्या गणेशन यांनी फाटक्या पट्ट्यांचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: कारण कळवा.

अरविंदन यांनी कारण शोधलं. यंत्र चुकू शकत नाही, कारण ते नवं आहे. चिठ्ठी यंत्रावरून दिलेली आहे. तेव्हा नमुनाच चुकीचा असणार. भट्टीवाल्याने रसाच्या वरवरचा, मळी लागलेला तुकडा पाठवला असणार. नमुना घेणं सेल्वराजचं काम. त्याला इंग्रजीत ठपक्याचं पत्र मिळालं, भट्टीवरून काढून भंगाराच्या शेडमध्ये भांडी निवडायला पाठवलं. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. गिऱ्हाइकाकडे अहवाल गेला: कारण सापडलं आहे, उपाय केला आहे.

अहवाल गेला त्या दुपारी मी प्रयोगशाळेत एकटी होते. हे यंत्र रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एकदा रिकामं चालवायचं असतं. कुपीत काही न टाकता. आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. न आला तर आतला वायू शुद्ध करणारी नळी संपली असं समजायचं. मी त्या दुपारी रिकामी कुपी ठेवली आणि बटण दाबलं. यंत्राने चार मिनिटं विचार केला आणि कुपीत काहीच नसताना त्यात भरपूर ऑक्सिजन आहे असं सांगितलं.

म्हणजे ते त्या दिवशी प्रत्येक तुकड्यात तेवढा ऑक्सिजन स्वतःच्या पदरचा घालत होतं. सेल्वराजचा पहिला ठोकळा बरोबर होता. मी त्या सकाळी रिकामी तपासणी केली नव्हती, आणि चौकशी चालली तोवर भट्टी बंद होती म्हणून त्यानंतरही नाही. का, तर अरविंदन यांना वरिष्ठांसमोर दाखवायला स्लाइड हव्या होत्या आणि मी त्या करत बसले होते. स्लाइडचा विषय होता: यंत्राची रोजची तपासणी.

मी नळी बदलली, यंत्र पुन्हा चालवलं, आकडा शून्यावर आला. आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

नऊ दिवस सांगितलं नाही. त्याला काही कारणं देता येतील. प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून माझं नाव पुढे जाणार होतं. बाईने चूक केली की ती सगळ्या बायकांची ठरते, हेही खरंच. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या नऊ दिवसांत मी फक्त घाबरले होते. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर प्रयोगशाळेकडे जाणारी वाट भंगाराच्या शेडवरून जायची. सेल्वराज जमिनीवर बसून भांडी वेगळी करत असायचा, तांबं एकीकडे, पितळ एकीकडे. मी लांबच्या वाटेने, कॅन्टीनला वळसा घालून जायला लागले. चौथ्या दिवशी कॅन्टीनवाल्याने विचारलं की मॅडम, रोज काही खायला येता आणि न खाताच जाता, चव बिघडली का आमची?

दहाव्या दिवशी मी शेडमध्ये गेले आणि त्याच्यासमोर उलट्या घागरीवर बसले. माझ्या तमिळमध्ये, जे त्याच शेडमधल्या भांड्यांवरून शिकले होते, त्याला सगळं सांगितलं. रिकामी कुपी, नळी, स्लाइड. तो ऐकत होता आणि हात चालूच होते. मग तो उठला, कपाटातून जेवणाचा जुना डबा आणला आणि उघडून माझ्यापुढे ठेवला. आत तीन ठोकळे होते. एक सपाट, एक किंचित वर आलेला, एक फुगलेला. त्या दिवशीचे, क्रमाने, खडूने आकडे घातलेले.

मी विचारलं की हे असताना तुम्ही गप्प का बसलात. सांगायचं नाही का कुणाला?

तो म्हणाला, "पहिल्या चिठ्ठीच्या वेळी मला खात्री होती. दुसऱ्या चिठ्ठीच्या वेळी मला राग आला होता. तुम्ही माझ्या डोळ्यांबद्दल बोललात. मला माहीत होतं की फुगणार. म्हटलं, फुगू दे. सगळ्यांना दिसू दे." आणि मग म्हणाला, "तिसरा ओंडका तुमच्या चिठ्ठीने पडला नाही, मॅडम. मी तो मुद्दाम सगळ्यांत मोठा निवडला होता."

मला हसू आलं. त्या क्षणी हसणं बरोबर नव्हतं, पण आलं. त्यालाही आलं. दोन शहाणी माणसं वीस टन तांब्यावर आपापला राग काढून बसली होती आणि ते तांबं बिचारं दोघांच्या मधे फुगलं होतं.

मी त्याच दिवशी अरविंदन यांना पत्र लिहून दिलं. चूक माझी, कारण हे, पुरावा हा. त्याच्या रागाचं त्यात लिहिलं नाही. तो त्याचा होता. अरविंदन यांनी पत्र वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, तुमचं मन मोकळं झालं ना? मग झालं. गिऱ्हाइकाचा विषय बंद झालाय, तो उघडू नका." मी म्हटलं, सेल्वराजचं काय? ते म्हणाले, शेडमध्ये सावली असते, उलट त्याला बरं.

त्यानंतर पंधरवड्याने गणेशन आमचा कारखाना पाहायला आले. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, खिशात भिंग. अरविंदन यांनी त्यांना सभागृहात बसवलं, स्लाइड सुरू झाल्या, माझ्याच. मला उत्तरं द्यायला बोलावलं होतं. मी सेल्वराजकडून तीन ठोकळे मागून घेतले होते. तो देताना एवढंच म्हणाला होता की परत आणा. चहाबरोबर आलेल्या बिस्किटांच्या बशीत मी ते ओळीने मांडले आणि बशी गणेशन यांच्यासमोर सरकवली.

त्यांनी पहिला उचलला. भिंगातून पाहिला. दुसरा, तिसरा. अरविंदन यांची चौकट अर्धीच हवेत राहिली. गणेशन यांनी मला विचारलं की हे कुठल्या दिवशीचे. मी सांगितलं. आणि मग रिकाम्या कुपीपासून सगळं सांगितलं, उभ्याने, कारण बसले असते तर मधेच थांबले असते. ते म्हणाले, ज्याने हे ठेवले त्याला बोलवा.

सेल्वराज हातावर पितळेचा भुगा घेऊन आला. गणेशन यांनी त्याला फक्त एकच प्रश्न विचारला, "पहिल्यालाच थांबला असतास?" सेल्वराज म्हणाला, हो. गणेशन यांनी अरविंदन यांच्याकडे पाहून सांगितलं की अहवाल परत घ्या, नवा लिहा, खरा. आणि यापुढे आमच्या मालावर दोन सह्या हव्यात, यंत्राची एक आणि या माणसाची एक. बिस्किट मात्र त्यांनी घेतलं नाही. ठोकळ्यांच्या बशीतलं होतं.

पुढे असं झालं. काम गेलं नाही. सेल्वराज पुढच्या आठवड्यात भट्टीवर परत आला. प्रयोगशाळेची प्रमुख माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान मुलगी झाली, आणि ती चांगली झाली. माझं टेबल मात्र प्रसाधनगृहाच्या दाराशेजारी सरकलं. अरविंदन म्हणाले, तिथे हवा चांगली येते.

पण परत आलेला सेल्वराज पूर्वीचा नव्हता. ठोकळा चिमट्यात धरायचा, त्याच्याकडे न बघता माझ्याकडे पाठवायचा आणि चिठ्ठीची वाट पाहत उभा राहायचा. सही करायचा, बोलायचा नाही. त्याच्या डोळ्यांना मी एका वाक्यात जे केलं होतं ते बिस्किटांच्या बशीने भरून आलं नव्हतं. दोन महिने पाहिलं. मग मी चिठ्ठ्या पाठवणं बंद केलं. आकडा कागदावर लिहून, कागद खिशात घालून, स्वतः भट्टीवर जायचे. टोपी, चष्मा, घामाने साडी अंगाला चिकटलेली. त्याला म्हणायचे, अण्णा, आधी तुम्ही सांगा, मग कागद दाखवते. आधी तो चिडला. मग पैज लावल्यासारखा सांगायला लागला. मग मीही ठोकळा पाहून अंदाज करायला लागले, आणि मी चुकले की तो मिशीतून हसायचा. मी पुष्कळ चुकायचे. ठोकळ्याची कड कशी बसते, मधली खळगी कधी फसवी असते, फुटलेल्या तोंडावर गुलाबी झाक कुठून सुरू होते, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. नोकरीतले माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

ठपक्याचं पत्र मात्र त्याच्या फाइलमध्येच होतं. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, फाइलमधून पत्र काढता येत नाही. पत्राला पत्र जोडता येतं. मग जोडा, म्हटलं. त्यासाठी मॅनेजरांची सही हवी. मॅनेजरांना वेळ नाही. मी दर सोमवारी जायचे. कार्यालयातल्या मंडळींनी मला पाहिलं की कॅलेंडर बघायची गरज उरली नाही. सेल्वराज निवृत्त झाला त्या दिवशी हार, शाल, भाषण सगळं झालं, पत्र झालं नाही. ते झालं त्यानंतर तीन आठवड्यांनी, अरविंदन दुसरीकडे निघाले तेव्हा. जाताना त्यांनी ड्रॉवर रिकामा केला आणि समोर येईल त्यावर सह्या केल्या.

पत्राची प्रत घेऊन मी श्रीपेरुंबुदूरजवळ त्याच्या गावी गेले. रविवारची सकाळ होती. दारात कोलमची रांगोळी, ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्या. सेल्वराज लुंगीवर होता, मला पाहून आत शर्ट घालायला पळाला. त्याच्या बायकोने स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. मी पत्र दिलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं. इंग्रजी आहे, म्हणाला, वाचा.

मी तमिळमध्ये सांगायला लागले. सदर घटनेत भट्टीमुख्य यांची कोणतीही चूक नव्हती. इथे त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी कागदाकडे. मोठा ओंडका आम्हा दोघांनाच माहीत होता. पुढे होतं की चूक प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंची होती, त्यांनी यंत्राची आवश्यक तपासणी केली नव्हती. चुकीला तमिळमध्ये तप्पु म्हणतात. मी वाक्यरचना चुकवली आणि तप्पु भलत्याच कुणाचा झाला. सेल्वराजने मला थांबवलं, वाक्य नीट करून दिलं आणि ते माझ्याकडून नीट म्हणवून घेतलं.

पत्र संपलं. मग त्याने बायकोला हाक मारली, ती हात पुसत बाहेर येऊन बसली, आणि म्हणाला, मॅडम, हिने आतून नीट ऐकलं नसेल. मी दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी तप्पु पहिल्या झटक्यात बरोबर जागी पडला. बायकोने मान डोलवली.

तेवढ्यात फाटक वाजलं. त्याचा जावई स्कूटर लावून आत येत होता, हातात भाजीची पिशवी. सेल्वराजने त्याला चपला काढायलाही वेळ दिला नाही. शेजारची खुर्ची पुढे ओढली, त्याला बसवलं, पिशवी त्याच्या मांडीवर तशीच राहू दिली आणि माझ्याकडे वळला.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

मी पत्र सरळ केलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले.